तीन ओळींचा कागद आणि चार पानांचं पत्र: विद्यापीठं विद्यार्थ्याला शिक्षा कशी करतात

मे महिन्यातली गोष्ट. परीक्षा आटोपल्या होत्या, पावसाआधीची लाकडं भरून ठेवण्याची गडबड चालली होती आणि संध्याकाळी शेजारच्या वहिनी आमच्या सोप्यावर येऊन बसल्या. हातात चार घड्या घातलेला कागद. मुलगा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. कागदावर कॉलेजचा शिक्का आणि तीन ओळी: परीक्षेत गैरप्रकार केल्याचे आढळले आहे, सबब या सत्रातील सर्व विषयांची परीक्षा रद्द करण्यात येत आहे, नोंद घ्यावी. खाली सही.

"सर, म्हणजे ह्याचं वर्ष गेलं का?" वहिनींनी विचारलं. मुलगा पायरीवर मान खाली घालून बसला होता.

काय झालं होतं? कॅल्क्युलेटरच्या झाकणाला आतून पेन्सिलीने काहीतरी लिहिलेलं होतं. ज्युनिअर सुपरवायझरने ते पाहिलं, कॅल्क्युलेटर काढून घेतला, एका छापील कागदावर सही घेतली. त्यानंतर पाच आठवडे काहीच नाही, आणि मग हा कागद. झाकणावर नेमकं काय लिहिलं होतं असं मी विचारलं, तर त्याला सांगता येईना. कॅल्क्युलेटर चुलतभावाचा होता. झाकण उघडून त्याने कधी नीट पाहिलंच नव्हतं.

त्याच महिन्यात माझ्या भाचीचा फोन आला होता. ती इंग्लंडमध्ये एम.एस्सी. करते. तिच्या निबंधातले दोन परिच्छेद दुसऱ्या कुणाच्या लेखाशी जुळले म्हणून तिलाही पत्र आलं होतं, पण ते चार पानी. कुठल्या ओळी जुळल्या, त्या कशाशी जुळल्या, बैठक कधी आहे, तोपर्यंत लेखी म्हणणं कुठे पाठवायचं, विद्यार्थी संघटनेचा सल्लागार सोबत आणता येईल का, निर्णय कोण देणार आणि तो पटला नाही तर पुढे कुठे जायचं, हे सगळं त्यात होतं. भाची घाबरलेली होतीच. पण आपण कशाला घाबरतोय हे तिला ठाऊक होतं. पायरीवरच्या मुलाला तेही ठाऊक नव्हतं.

मी ३० वर्षं कॉलेजात शिकवलं, आणि त्यातली काही वर्षं अशाच चौकशी समितीवर बसलो. म्हणून हा विषय मला परका नाही. लोक विद्यापीठांची तुलना करायला बसले की पहिला प्रश्न विचारतात: कुठे जास्त कडक? माझ्या मते हा प्रश्नच चुकीचा आहे. कडक शिक्षा कुठेही मिळू शकते. आरोप विद्यार्थ्याला लेखी कळतो का, त्याचं म्हणणं कुणी ऐकतं का, ऐकणारा माणूस आरोप करणाऱ्यापेक्षा वेगळा आहे का, आणि निर्णयावर त्या संस्थेबाहेरचं कुणी नजर टाकतं का, हे बघायला हवं. एवढं विचारलं की जगभरच्या पद्धती आपोआप वेगवेगळ्या उभ्या राहतात.

अधिकार येतो कुठून

आपल्याकडे विद्यापीठ एखाद्या कायद्याने जन्माला येतं. त्या कायद्याखाली ऑर्डिनन्स, म्हणजे विद्यापीठाचे स्वतःचे नियम होतात. शिस्तीचा अधिकार साधारणपणे कुलगुरूंकडे असतो, आणि ते तो खाली सोपवतात. दिल्ली विद्यापीठात 'पंधरा-ब' नावाचा ऑर्डिनन्स शिस्तीचा सगळा अधिकार कुलगुरूंच्या हाती ठेवतो, आणि तिथून तो प्रॉक्टर (विद्यापीठात शिस्त सांभाळणारा अधिकारी), प्राचार्य यांच्यापर्यंत उतरतो. प्रॉक्टर हे पद उत्तरेकडच्या जुन्या विद्यापीठांत फार वजनदार. आपल्याकडे कॉलेजच्या पोराला विचाराल तर तो प्राचार्य आणि वॉर्डन एवढीच नावं घेईल.

गोवा एवढासा, पण इथेच किती पद्धती शेजारी शेजारी नांदतात बघा. ताळगावच्या पठारावरचं गोवा विद्यापीठ १९८५ पासूनचं, विधानसभेच्या कायद्याने झालेलं. राज्यपाल त्याचे कुलपती. म्हापशापासून काणकोणपर्यंतची कॉलेजं आणि बांबोळीचं वैद्यकीय महाविद्यालय त्याला जोडलेलं. फर्मागुडीला आयआयटी आणि कुंकळ्ळीला एनआयटी, या दोन्ही संसदेच्या कायद्याने झालेल्या संस्था, ज्यांच्या शिखरावर 'व्हिजिटर' म्हणून राष्ट्रपती आहेत. जुवारीनगरला बिट्सचा कॅम्पस, म्हणजे खासगी अभिमत विद्यापीठ. फोंड्याहून कदंबा बसने तासा-दीड तासाच्या अंतरात एकाच चुकीसाठी विद्यार्थी निरनिराळ्या नियमपुस्तकांखाली येतो. या सगळ्यांना बांधणारा धागा एकच, संविधानाचं कलम २२६, म्हणजे पर्वरीच्या उच्च न्यायालयात रिट, अशा संस्थेच्या निर्णयाला थेट आव्हान देणारा अर्ज, करण्याची वाट. खासगी अभिमत विद्यापीठसुद्धा सार्वजनिक काम करतं म्हणून त्याच्याविरुद्ध रिट चालते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली स्पष्ट केलं.

न्यायालयांनी या बाबतीत काय सांगितलंय ते जरा तपशिलात बघण्यासारखं आहे, कारण आपली सगळी पद्धत त्यावर उभी आहे.

१९५४ साली उत्तर प्रदेशातली तीन मुलं इंटरमिजिएट पास झाली. पुढच्या शिक्षणाला लागली. डिसेंबरमध्ये त्यांना एकदम कळवण्यात आलं की तुमचा निकाल रद्द झालाय आणि १९५५ च्या परीक्षेलाही तुम्हाला बसता येणार नाही. त्यांना कुणी काही विचारलंच नव्हतं. बोर्डाचं म्हणणं असं की हा प्रशासकीय निर्णय आहे, विचारायची गरज काय? १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की हे काम न्यायनिवाड्यासारखंच आहे. मुलाच्या आयुष्यावर डाग लागणार असेल तर त्याला आपली बाजू मांडू दिलीच पाहिजे. आज कॉलेजातून जी 'कारणे दाखवा' नोटीस येते, तिच्यामागे हाच विचार आहे.

पण आठच वर्षांनी, १९७० मध्ये, बिहारच्या एका प्रकरणात त्याच न्यायालयाने वेगळी रेघ ओढली. एका केंद्रावर जवळजवळ सगळ्यांनीच कॉपी केल्याचं दिसत होतं. बोर्डाने केंद्राची परीक्षाच रद्द केली. प्रत्येक मुलाला बोलावून विचारायला हवं होतं का? न्यायालय म्हणालं, नाही. इथे कुणा एकावर ठपका ठेवलेला नाही, परीक्षाच धड झालेली नाही, ती पुन्हा घ्या. हा फरक पालकांनी लक्षात ठेवावा. पेपर सगळ्यांचा रद्द झाला तर सुनावणीचा हक्क मागता येत नाही. एकट्याचा झाला तर येतो.

पुराव्याचंही तसंच. फौजदारी खटल्यात गुन्हा वाजवी संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो. शिस्तीच्या चौकशीत तेवढं लागत नाही; कुठली गोष्ट घडली असण्याचा संभव जास्त, एवढं पाहून निर्णय देता येतो. महाराष्ट्रातल्या गुणांच्या फेरफाराच्या प्रकरणात १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने हेच मान्य केलं. इंग्लंडमध्येही बहुतेक ठिकाणी हाच तराजू. म्हणून 'पोलिसांनी सोडलं, मग कॉलेज शिक्षा कशी करतं?' या प्रश्नाचं उत्तर असं की दोन्हीकडचे तराजू वेगळे आहेत.

आपला माणूस, परका माणूस

कुठल्याही निवाड्यात पाळायच्या किमान पथ्यांना नैसर्गिक न्याय म्हणतात. पहिलं तत्त्व, बाजू ऐकून घेण्याचं, वर आलंच. दुसरं म्हणजे कुणीही स्वतःच्याच प्रकरणात न्यायाधीश होऊ नये. पुस्तकात हे एका ओळीत येतं. गोव्यात ते पाळणं किती अवघड असतं हे मी समितीवर बसून पाहिलंय. इथे कुणाचा तरी कोण तरी लागतोच. समोरचा मुलगा एका सदस्याच्या वाड्यावरचा निघतो, दुसऱ्याच्या देवळाच्या कमिटीतल्या माणसाचा पुतण्या निघतो. कुणी वशिला लावतं असं मी म्हणत नाही. उलट, आपल्या ओळखीचा म्हणून सोडला असं कुणी म्हणू नये या भीतीने ओळखीच्या पोराला जास्त शिक्षा झालेली मी पाहिली आहे. ओळख माणसाला दोन्हीकडे झुकवते.

आणि एक गोष्ट मला आजही टोचते. आमच्या समितीवर एकदा तेच प्राध्यापक सदस्य होते ज्यांनी त्या मुलीला परीक्षेत पकडलं होतं. त्यांनी हकिगत सांगितली, आम्ही ऐकली, आणि मग तेच आमच्यासोबत निर्णयाला बसले. त्यांचा हेतू स्वच्छ होता. आम्हा कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. मुलीने बिचारीने एक शब्द काढला नाही. पकडणारा आणि निवाडा करणारा एकच असेल तर तिचं म्हणणं ऐकायला त्या खोलीत कोण होतं? हा प्रश्न मला काही वर्षांनी पडला, तेव्हा ती कॉलेज सोडून गेली होती.

मोठ्या विद्यापीठात हे टाळायला माणसं असतात. छोट्या कॉलेजात दुसऱ्या कॉलेजातला एक सदस्य बोलावला तरी पुरतं. डिचोलीहून फोंड्याला एक प्राध्यापक यायला कितीसा वेळ लागतो?

समोरासमोर प्रश्न विचारायचे का

सगळ्या तुलनेतला हा सगळ्यांत कठीण भाग. इथे भारत आणि अमेरिका अगदी उलट टोकांना गेलेले दिसतात.

रांचीच्या वैद्यकीय महाविद्यालयात १९७२ च्या जून महिन्यात एका रात्री काही मुलगे मुलींच्या वसतिगृहाच्या आवारात घुसले आणि अत्यंत किळसवाणे वागले. मुलींनी तक्रार केली. प्राचार्यांनी प्राध्यापकांची समिती नेमली. समितीने मुलींचे जबाब घेतले, पण त्या मुलग्यांच्या पाठीमागे. मग इतर मुलांच्या फोटोंत या मुलग्यांचे फोटो मिसळून मुलींपुढे ठेवले, आणि त्यांनी ओळखले. त्यानंतर मुलग्यांना बोलावून आरोप सांगितला, त्यांचं म्हणणं घेतलं. मुलींची नावं सांगितली नाहीत, उलटतपासणी करू दिली नाही. दोन वर्षांसाठी त्यांना काढून टाकण्यात आलं. सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये ही कारवाई योग्य ठरवली. मुलींना समोर उभं केलं असतं तर त्या पुढे आल्याच नसत्या, आणि आल्या असत्या तर रस्त्यावर त्यांना कुणी वाचवलं असतं, असा तो विचार. नैसर्गिक न्याय म्हणजे सगळ्यांना एकाच मापाचा सदरा नव्हे, परिस्थिती बघून तो बेतावा लागतो.

आता अमेरिका. तिथे सुरुवात एका वेगळ्याच लढ्यातून झाली. १९६० मध्ये अलाबामाच्या माँटगोमेरी शहरात कृष्णवर्णीय विद्यार्थी न्यायालयाच्या इमारतीतल्या उपाहारगृहात, जिथे फक्त गोऱ्यांना वाढत, तिथे जाऊन बसले. त्यांच्या सरकारी कॉलेजने काहींना सुनावणीशिवाय काढून टाकलं. १९६१ मध्ये संघीय अपील न्यायालयाने सांगितलं की सरकारी कॉलेजला असं करता येणार नाही. आरोप कळवा, बाजू ऐका. त्याआधी कॉलेज हे आईबापाच्या जागी आहे, ते म्हणेल ती शिस्त, अशी समजूत होती. ती त्या निकालाने ढासळायला लागली. ध्यानात घ्या, हा हक्क संविधानातून येतो म्हणून तो सरकारी विद्यापीठांपुरता. खासगी विद्यापीठात विद्यार्थी आणि संस्था यांच्यातला करार बघितला जातो, म्हणजे संस्थेने पुस्तिकेत काय वचन दिलंय ते.

पुढे लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी २०२० साली तिथे नियम आला की विद्यापीठात प्रत्यक्ष सुनावणी घ्यायची आणि दोन्ही बाजूंच्या सल्लागारांना समोरच्याची उलटतपासणी करू द्यायची. तक्रारदार आणि आरोपी यांनी एकमेकांना थेट प्रश्न विचारायचे नाहीत, आणि कुणी मागितलं तर दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून पडद्यावरून सुनावणी करायची. २०२४ मध्ये हे नियम बदलण्यात आले, पण जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने नवे नियम रद्द केले आणि २०२० चेच परत आले. चार-पाच वर्षांत एवढी उलथापालथ झाली यावरूनच कळतं की इथे सोपं उत्तर कुणाकडेच नाही.

माझं मत विचाराल तर रांचीचा निकाल त्या प्रकरणासाठी बरोबर होता, पण तो हुकमी पत्ता म्हणून वापरणं चूक आहे. कॉपीच्या प्रकरणात 'साक्षीदाराचं नाव सांगणार नाही' म्हणायला काय कारण? सुपरवायझरला कुणाची भीती आहे? संरक्षण जिची गरज आहे तिला द्यावं. कॉलेजने स्वतःच्या सोयीसाठी ते पांघरू नये.

विद्यार्थ्यांनीच निवाडा केला तर

शिक्षकांपेक्षा मुलं मुलांना समजून घेतील असं आपल्याला वाटतं. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठात हे जवळजवळ दोन शतकं चाललंय. १८४० मध्ये तिथे रात्रीच्या दंग्यात बुरखा घातलेल्या एका विद्यार्थ्याने प्राध्यापकावर गोळी झाडली, आणि ते गेले. त्या धक्क्यानंतर १८४२ मध्ये परीक्षेत शपथ घेण्याची प्रथा सुरू झाली, आणि तिच्यातून खोटं बोलणं, फसवणं, चोरी यांचा निवाडा विद्यार्थ्यांनीच करायची व्यवस्था घडली. दोषी ठरला तर शिक्षा एकच: विद्यापीठातून कायमची हकालपट्टी. लहान चूक, मोठी चूक असा भेद नाही. विद्यार्थ्यांनी मतदान करून हे बदललं ते थेट २०२२ मध्ये, आणि पुढच्या वर्षी गुन्ह्यानुसार वेगवेगळ्या शिक्षा आणल्या. समवयस्क दयाळूच असतात असं नाही, हे यातून दिसतं. तरी मला त्या पद्धतीतली एक गोष्ट हवीशी वाटते: नियम कुणाचा, तर आपला, ही भावना.

आपल्याकडे विद्यार्थ्याला निवाड्यात जागा आहे, पण एका कोपऱ्यात. लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१५ चे नियम आहेत. त्यांनुसार प्रकरणात विद्यार्थी गुंतलेले असतील तर अंतर्गत समितीवर तीन विद्यार्थी प्रतिनिधी निवडून यायला हवेत. त्याच नियमांत मुदतीही ठरवलेल्या आहेत. तक्रार तीन महिन्यांत, चौकशी ९० दिवसांत, अहवालावर कारवाई ३० दिवसांत, अपील ३० दिवसांत. कुणाच्या मर्जीवर काही ठेवलेलं नाही.

रॅगिंगचंही असंच. २००९ मध्ये हिमाचलमधल्या वैद्यकीय महाविद्यालयात रॅगिंगने एका विद्यार्थ्याचा जीव गेला आणि त्याच वर्षी आयोगाने नियम काढले. प्रवेशाच्या वेळी विद्यार्थी आणि पालक दोघांकडून जे शपथपत्र भरून घेतात, ते तिथलंच. फोनसाठी २४ तासांची हेल्पलाइन १८००-१८०-५५२२. वसतिगृहातून काढण्यापासून एक ते चार सत्रं रस्टिकेट करण्यापर्यंत, म्हणजे तेवढा काळ संस्थेबाहेर ठेवण्यापर्यंत, आणि थेट हकालपट्टीपर्यंतच्या शिक्षा. अपील कुणाकडे तेही लिहिलंय: जोडलेल्या कॉलेजच्या निर्णयावर कुलगुरूंकडे, विद्यापीठाच्या निर्णयावर कुलपतींकडे. पण त्याच नियमांत रॅगिंग करणारे ओळखू आले नाहीत तर सामूहिक शिक्षा करावी असंही कलम आहे, आणि ते मला कधीच पटलेलं नाही. मुलांना बोलतं करायचा तो मार्ग असेल, पण त्यात मुकाट राहिलेला आणि झोपलेला दोघेही सारखेच सापडतात.

संशोधनातल्या वाङ्मयचौर्याचं तर गणितच मांडलंय, २०१८ च्या नियमांत. १० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर शिक्षा नाही. १० ते ४० टक्के असेल तर सहा महिन्यांच्या आत प्रबंध सुधारून द्यायचा. ४० ते ६० टक्के असेल तर वर्षभर सुधारित प्रबंध सादर करता येत नाही. ६० च्या वर नोंदणीच रद्द.

म्हणजे गंमत नव्हे, खंत अशी की जिथे देशपातळीवर नियम आले तिथे आपली पद्धत जगात कुठेही दाखवावी इतकी नेटकी लिहिलेली आहे. आणि रोजच्या ज्या गोष्टींत सगळ्यांत जास्त मुलं सापडतात, म्हणजे परीक्षेतली चिठ्ठी, वसतिगृहात उशिरा येणं, कॅन्टीनमधली हाणामारी, तिथे सगळं प्रत्येक संस्थेच्या ऑर्डिनन्सवर आणि खुर्चीतल्या माणसावर सोडलेलं आहे. जेएनयूने २०२३ मध्ये शिस्तीची नवी नियमावली केली आणि शैक्षणिक इमारतींजवळ धरणं धरल्यास २० हजार रुपयांपर्यंत दंड ठेवला, तेव्हा देशभर चर्चा झाली. दुसऱ्या एखाद्या कॅम्पसवर त्याच कृतीला समज देऊन सोडतील.

बाहेरचं दार

इंग्लंडकडून घ्यावं असं मला एक वाटतं, आणि ते म्हणजे बाहेरचा तपासणारा. तिथल्या जुन्या विद्यापीठांत पूर्वी शेवटची दाद 'व्हिजिटर'कडे मागत. हाच शब्द आपल्या आयआयटीच्या कायद्यात येऊन बसलाय. २००४ च्या उच्च शिक्षण कायद्याने विद्यार्थ्यांच्या तक्रारी व्हिजिटरकडून काढून एका स्वतंत्र निवाडा कार्यालयाकडे दिल्या. इंग्लंड आणि वेल्समधल्या कुठल्याही विद्यापीठाने आपली अंतर्गत प्रक्रिया संपली की तसं पत्र विद्यार्थ्याला द्यायचं. ते पत्र घेऊन १२ महिन्यांच्या आत विद्यार्थी त्या कार्यालयाकडे जाऊ शकतो. पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही. ते कार्यालय उत्तरपत्रिका तपासत नाही, गुण वाढवत नाही. फक्त बघतं की विद्यापीठाने स्वतःचे नियम पाळले का आणि निर्णय वाजवी होता का.

आपल्याकडे या दिशेने एक पाऊल पडलंय. आयोगाच्या २०२३ च्या नियमांनी प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती आणि विद्यापीठात लोकपाल सांगितला. लोकपाल म्हणजे निवृत्त कुलगुरू, निवृत्त प्राध्यापक किंवा माजी जिल्हा न्यायाधीश. समितीने शक्यतो १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा. पटला नाही तर १५ दिवसांत लोकपालांकडे जायचं. ही व्यवस्था मुख्यतः प्रवेश, फी, अडवलेली कागदपत्रं, लांबलेले निकाल यांच्यासाठी आहे. पण तक्रारींच्या यादीत संस्थेच्या स्वतःच्या नियमांविरुद्ध केलेली कारवाई हीसुद्धा येते. म्हणजे कॉलेजने स्वतःचीच चौकशीची पद्धत मोडली असेल तर इथे दार ठोठावता येतं. दार अरुंद आहे, पण पर्वरीला रिट करण्याआधी ते ठोठावून बघायला हवं. रिटला वकील लागतो, वेळ लागतो, आणि शेतात राबून पोराला शिकवणाऱ्या घराला ते झेपत नाही.

विद्यापीठाचा स्वतःचा तुरुंग

थोडं विषयांतर, पण सांगायचा मोह होतो. विद्यापीठाने शिक्षा करणं ही कल्पना फार जुनी, आणि एकेकाळी विद्यापीठं खरोखरचा तुरुंग बाळगून होती. पोर्तुगालच्या कुईंब्राला, जिथे गोव्यातून कितीतरी मुलं कायदा शिकायला जात, ग्रंथालयाच्या तळघरात विद्यार्थ्यांची कोठडी होती. १८३४ पर्यंत ती वापरात होती. जर्मनीत हायडेलबर्गची कोठडी तर १९१४ पर्यंत चालली. रात्री रस्त्यावर गोंगाट केला म्हणून मुलं तिथे दिवस काढत, पहिले काही दिवस सरले की तासाला जात आणि परत येऊन बसत. भिंती त्यांच्या चित्रांनी आणि नावांनी भरल्या आहेत. विद्यार्थ्याचा न्याय शहराच्या न्यायालयाने नव्हे, विद्यापीठानेच करायचा हा तेव्हा मान समजला जाई. आज गुन्हा असेल तर तो पोलिसांकडे जातो, रॅगिंगमध्ये तर संस्थेने २४ तासांत तक्रार नोंदवायची असते. कोठडी गेली. पण 'आमच्या आवारातलं आम्ही बघून घेऊ' ही सवय अजून गेलेली नाही.

वहिनींच्या मुलाकडे परत येतो.

पहिल्यांदा आम्ही त्याने सही केलेल्या छापील कागदाची प्रत मागितली. त्यावर लिहिलं होतं, 'माझ्याकडे लिखित मजकूर आढळला.' मजकूर कुठला, ती जागा कोरी. (तुमच्यापुढे असा कागद आला तर सही करायला हरकत नाही, पण सहीच्या वर आपल्या अक्षरात 'मजकूर माझा नाही' किंवा 'मला मान्य नाही' असं जे खरं असेल ते लिहावं, आणि तारीख टाकावी. परीक्षेच्या खोलीत हात कापत असताना हे सुचत नाही, म्हणून आधीच सांगून ठेवतो.) मग एक पानाचा अर्ज केला. त्यात तीन मागण्या होत्या: आरोप लेखी द्या, चौकशीची तारीख द्या, जप्त केलेली वस्तू आमच्यासमोर उघडा. राग, दोषारोप काही नाही. दोन प्रती, आणि आपल्याकडच्या प्रतीवर ऑफिसातून इनवर्डचा शिक्का आणि क्रमांक. हा शिक्का फार मोलाचा असतो. तो नसेल तर अर्ज दिलाच नव्हता असं होतं.

दहा दिवसांनी कॉलेजने बोलावलं. पहिला निर्णय घाईत झाल्याचं प्राचार्यांनी मोकळेपणाने मान्य केलं, हे त्यांचं श्रेय. सुपरवायझर सांगायला आले आणि सांगून बाहेर गेले. खाकी पाकीट उघडलं, कॅल्क्युलेटर बाहेर आला. समितीतल्या एका बाईंनी झाकण खिडकीच्या उजेडात तिरकं धरलं आणि पेन्सिलीची फिकट अक्षरं मोठ्याने वाचली. शंकूचं घनफळ. गोलाचं पृष्ठफळ. पेपर होता सांख्यिकीचा. चुलतभावाने शाळेत असताना कधीतरी ती सूत्रं लिहून ठेवली होती. पाच आठवडे तो कॅल्क्युलेटर कपाटात होता, अहवालात 'सूत्रे आढळली' असं लिहिलेलं होतं, आणि सूत्रं कुठली हे कुणीच पाहिलं नव्हतं.

लिखित मजकूर असलेली वस्तू परीक्षेत नेणं नियमाविरुद्ध आहेच, त्याची समज त्याला मिळाली. सगळे पेपर परत लागू झाले. नवा आदेश दीड पानाचा होता: आरोप काय, काय तपासलं, निष्कर्ष का, अपील कुणाकडे. वहिनींनी सोप्यावर चष्मा लावून तो अख्खा वाचला आणि मग घडी न घालता फाइलीत ठेवला.